सहा ते मध्यरात्र: थर्ड प्रोग्रॅमची गोष्ट

आज बोलूया एका रेडिओ चॅनेलबद्दल, जे फक्त संध्याकाळीच चालायचं.

29 सप्टेंबर 1946. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालंय, ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच आहे आणि बीबीसी ‘थर्ड प्रोग्रॅम’ सुरू करते. संध्याकाळी सहा ते मध्यरात्र. शास्त्रीय संगीत, नाटक, भाषणं, बस्स. पहिलाच कार्यक्रम कुठला, तर रेडिओ कसा ऐकावा आणि कसा ऐकू नये, याची टर उडवणारा! एवढ्या भारदस्त चॅनेलची ही सुरुवात मला फार आवडते.

यातली खरी गंमत वेळेत होती. बाकीच्या रेडिओवर ठरल्या वेळी बातम्या, म्हणजे नाटक लांबलं की कात्री. इथे तशा खुंट्याच ठोकलेल्या नव्हत्या. ऑपेरा तीन तासांचा असेल तर तीन तास. आपल्याकडे रागाचा विस्तार घड्याळात कोंबताना काय होतं, हे ऐकणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको.

भाषणंही पोकळ नसायची. 1948 मध्ये बर्ट्रांड रसेल आणि फादर कोपलस्टन देव आहे की नाही यावर इथेच वाद घालत होते. 1949 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी आपल्याला न पटणाऱ्या सिद्धांताला इथेच ‘बिग बँग’ म्हटलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. 1951 मध्ये ॲलन ट्युरिंग विचारत होते, संगणक विचार करू शकतो का?

नाटकांत 1954 चं डिलन टॉमस यांचं ‘अंडर मिल्क वुड’ गाजलं. पण माझ्या मते जास्त महत्त्वाचं बेकेटचं ‘ऑल दॅट फॉल’, 1957 चं. त्यातल्या गायी, मेंढ्या, कोंबड्यांचे आवाज चक्क माणसांनी काढले होते. नुसत्या आवाजातून काय काय उभं करता येतं, याची भूक तिथून वाढली आणि पुढच्याच वर्षी बीबीसीने ध्वनिप्रयोगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, रेडिओफोनिक वर्कशॉप.

पण ऐकणारे थोडे, आणि परवान्याचे पैसे सगळ्यांचे. हा प्रश्न काही खोटा नव्हता. 1957 मध्ये आठवड्याचे सुमारे 40 तास 24 वर आणले गेले. टी. एस. एलियट, संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्यासारखी मंडळी विरोधात उभी राहिली, तरी कपात झालीच.

त्याच सुमारास आपल्याकडे उलट्या बाजूने तोच पेच होता. आकाशवाणीने 1952 पासून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम दिला, पण चित्रपटगीतांना आखडता हात घेतला. श्रोते काय गप्प बसतात? सुई सरकली रेडिओ सिलोनवर. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली. शनिवारचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र बंद झाला नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालत राहिले.