वाडा वाचवायचा, तर वळचण सांभाळा

पुणे : घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी म्हण आहे. पेठांमधील जुन्या वाड्यांत मात्र हा क्रम उलटा दिसतो. आधी वाशाचे टोक कुजते आणि मग घर धोक्यात येते. छपराची कड खचू लागली, की ‘आता वाडाच पाडावा लागणार’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात बिघाड पुष्कळदा वळचणीच्या हात-दीड हात भागापुरताच असतो आणि तो दुरुस्त होऊ शकतो.

पाणी मुरते कोठे?

कौलारू छपराचे वासे आढ्यापासून भिंतीवर उतरतात व त्यांची टोके भिंतीबाहेर येतात. पन्हळीचे लोखंडी आधार याच टोकांना किंवा त्यांवरील फळीला ठोकलेले असतात. पन्हळीत पाने व माती साचली, की तुंबलेले पाणी मागे उलटून लाकडात शिरते. कापलेल्या टोकातून लाकूड पाणी अधिक वेगाने शोषते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला, की बुरशीला वाव मिळतो. सागवान टिकाऊ असले, तरी त्याचा बाहेरचा फिकट भाग लवकर कुजतो. मग खिळे ढिले होतात, पन्हळ झुकते आणि आणखी पाणी आत येते.

टोचून पाहा

वरचा रंग शाबूत असला, तरी आतील लाकूड भुसभुशीत झालेले असू शकते. स्क्रू-ड्रायव्हर सहज रुतला किंवा हातोडीच्या ठोक्याला बद्द आवाज आला, तर कूज आहे असे समजावे. वासा भिंतीवर टेकतो तो भाग विशेष काळजीने तपासावा. छपराचा भार तेथेच उतरतो.

दुरुस्तीचा क्रम

काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. प्रथम टेकू द्यावेत, कडेची कौले उतरवावीत आणि निरोगी लाकूड लागेपर्यंत कुजका भाग कापावा. बिघाड भिंतीबाहेरच असेल, तर सुकवलेल्या सागवानाचा तुकडा अर्ध्या जाडीच्या सांध्याने बोल्ट लावून जोडता येतो. कूज भिंतीपर्यंत पोचली असल्यास जुन्या वाशाच्या बाजूला, आत पुरेशा लांबीपर्यंत नवा वासा जोडावा लागतो. पोकळीत सिमेंट भरणे किंवा ओल्या लाकडावर डांबर फासणे टाळावे. त्याने ओल आतच कोंडते. पन्हळीचे नवे आधार निरोगी लाकडातच बसवावेत, पाइपाच्या दिशेने उतार ठेवावा आणि बादलीभर पाणी ओतून तो तपासावा.

खर्च कोणाचा?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसल्यास जागा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस देऊनही त्याने किमान १५ दिवसांच्या वाजवी मुदतीत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. जुने भाडे नाममात्र असेल, तर एवढ्या रकमेत एक वासाही होत नाही. मालकाला भाडे परवडत नाही, भाडेकरूला दुरुस्ती परवडत नाही आणि वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड गळतीखाली पातेली मांडत राहते.

म्हणूनच सर्वांनी मिळून पावसाआधी पन्हळ साफ करणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. मालक-भाडेकरूंचा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो. लाकूड तितके दिवस थांबत नाही.