पावसाआधीची सुई

गोवर-रुबेलाची लस लहानपणी ठरल्याप्रमाणे घेतली की झालं. पोलिओचंही तसंच. डोस पूर्ण झाले की लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात जातं. मग फ्लूची लस तेवढी दरवर्षी का घ्यायची? मागच्या वर्षी दंड दुखवून घेतला, तो वाया गेला का?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या अक्कलकोटहून निघून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जातं.

आधी एक गोष्ट पक्की करू: साधी सर्दी म्हणजे फ्लू नव्हे. सर्दीत नाक गळतं, तरी आपण खेळायला पळतोच. फ्लू माणसाला आडवं करतो. सकाळी ठणठणीत असलेलं मूल संध्याकाळी तापानं फणफणतं, हातपाय ठणकतात, खोकून खोकून पोट दुखतं. बहुतेक मुलं आठवडाभरात बरी होतात. पण अगदी लहान बाळं, दमा असलेली मुलं आणि आजी-आजोबा यांच्या बाबतीत कधी कधी दुखणं छातीत उतरतं आणि दवाखान्यात भरती करावं लागतं.

हे सगळं करणारा विषाणू केवढा? एका मिलिमीटरमध्ये साधारण दहा हजार विषाणू ओळीनं बसतील! त्याच्या अंगावर दोन प्रकारचे काटे असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘एच’ आणि ‘एन’ म्हणतात. ‘एच’ काट्यानं तो आपल्या नाका-घशातल्या पेशीला चिकटतो. आत शिरून तिथं स्वतःच्या नकला काढतो, आणि त्या नकला बाहेर सुटायला ‘एन’ मदत करतो. एच१एन१, एच३एन२ ही नावं बातम्यांत येतात ना, ती या काट्यांवरूनच पडली.

आता खरी गंमत. नकला काढताना हा विषाणू चुका करतो, भरपूर करतो! आपल्या पेशी डीएनएची नक्कल काढतात तेव्हा ती तपासून दुरुस्तही करतात. फ्लूच्या विषाणूकडे अशी तपासणीच नाही. चुकलेल्या बऱ्याच नकला निकामी ठरतात, पण एखादीचा काटा किंचित बदलतो आणि तरीही ती छान चालते. गावात बहुरूपी येतो तेव्हा काल पोलीस झालेला माणूस आज वेगळ्याच सोंगात दारात उभा राहतो आणि आपण क्षणभर फसतो. आपल्या शरीराचंही तसंच होतं. मागच्या वर्षीचे काटे ओळखणारे रक्षक आत तयार असतात, पण समोर आलेला चेहरा जरा निराळा असतो. गोवराचा विषाणूही चुका करतो बरं का. पण त्याचे काटे बदलले की ते कामच करेनासे होतात, म्हणून त्याची लस वर्षानुवर्षं तीच चालते.

कधी कधी बदल थोडाथोडका नसतो. फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. माणसाचा, पक्ष्याचा आणि डुकराचा विषाणू एकाच पेशीत गाठ पडले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन साफ नवा विषाणू जन्मतो. १९१८ साली एक नवखा विषाणू जगभर पसरला. जूनमध्ये तो मुंबईत पोचला, आगगाडीतून गावोगाव गेला. आपल्याकडे लोक त्या साथीला मानमोडी म्हणत. एकट्या भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा लस नव्हती, आणि हा रोग विषाणूमुळे होतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

माणसातला फ्लूचा विषाणू सापडला १९३३ साली, लंडनमध्ये, आणि तो शोधून देण्यात मोठा हात होता फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा. फेरेटला माणसाचा फ्लू होतो, तो शिंकतोसुद्धा! प्रयोगशाळेत एक आजारी फेरेट शास्त्रज्ञाच्या तोंडावर शिंकला आणि शास्त्रज्ञालाच फ्लू झाला. इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

२००९ ची साथ तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. स्वाइन फ्लूनं भारतातला पहिला बळी पुण्यात घेतला, ऑगस्ट महिन्यात. ती शाळेत जाणारी मुलगी होती. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, रस्त्यात जो तो तोंडाला रुमाल बांधून. त्याच पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे, तिथं नमुने तपासले जात होते. आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं या विषाणूवरची लस काढली, सुईची नव्हे, नाकात फवारायची!

मग दरवर्षी विषाणूचं नवं सोंग ओळखतं कोण? जगभरातल्या शंभराहून जास्त देशांतल्या प्रयोगशाळा वर्षभर रुग्णांच्या नाका-घशातले नमुने तपासतात. पुण्याची ती संस्थाही त्यांतलीच. प्रत्येक नमुन्याला नाव असतं. ‘ए/डार्विन/९/२०२१’ म्हणजे ए प्रकारचा, ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात सापडलेला, नवव्या क्रमांकाचा, २०२१ सालचा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या लसीसाठी विषाणू निवडतात, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या. कारण थंड प्रदेशांत फ्लू थंडीत वाढतो, आणि दोन्हीकडची थंडी उलट महिन्यांत येते.

आता नकाशा काढा. अक्कलकोट विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे. म्हणजे आपली लस फेब्रुवारीत ठरणारी? चूक! आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर थंडीत नसतो, पावसाळ्यात असतो. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या शहरांची माहिती एकत्र मांडली तेव्हा दिसलं की श्रीनगरला फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो, आणि नागपूर, दिल्ली, लखनौला जुलै ते सप्टेंबरमध्ये. म्हणून आपल्या उपयोगी पडते ती दक्षिण गोलार्धासाठी ठरलेली, एप्रिल-मेच्या सुमारास हाती येणारी लस.

अक्कलकोटला हे वेळापत्रक फारच महत्त्वाचं. जूनमध्ये शाळा भरतात, एका बाकावर तिघं-तिघं. आषाढात गुरुपौर्णिमा येते, आणि स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिरात मुंबई-पुण्याहून, कर्नाटकातून, तेलंगणातून भाविक येतात. रांगेत, अन्नछत्रात, एसटीत माणसाला माणूस खेटून. खोकल्याचे थेंब उडायला याहून सोयीची जागा विषाणूला कुठं मिळणार?

सप्टेंबरमध्ये निवड झाली की कारखान्यांत काम सुरू होतं, आणि बहुतेक लस तयार होते कोंबडीच्या अंड्यांत. आत पिल्लू वाढू लागलेलं, दहा-अकरा दिवसांचं अंडं घेतात. कवचाला बारीक भोक पाडून विषाणू आत सोडतात. दोन-तीन दिवसांत तो भरमसाट वाढतो. मग द्रव काढून विषाणू रसायनानं मारतात, त्याचे तुकडे करतात, काटे शुद्ध करतात. म्हणून या सुईनं फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, एवढंच. लस घेऊनही कधी फ्लू होतो, कारण सोंग पूर्ण जुळेलच असं नाही. पण तेव्हाही आजार सहसा सौम्य राहतो.

सरकारतर्फे मुलांना नेहमी मिळणाऱ्या मोफत लसींत ही लस अजून नाही. मला मनापासून वाटतं, ती असायला हवी. तोवर ती बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याच्या वाटची सुई आई गरोदरपणातच घेते, आणि तिचे रक्षक बाळापर्यंत पोचतात.

नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदा ही लस घेताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, पुढच्या वर्षापासून एकच. शरीरात रक्षक तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. आता तुम्हीच कॅलेंडरवर उलटं मोजा: शाळा जूनच्या मध्यावर भरणार असेल, तर दुसरा डोस मे महिना संपायच्या आत, आणि पहिला एप्रिल संपता संपता, आंब्याच्या पेट्या बाजारात आलेल्या असतानाच.