खुब्याचा सांधा आणि टेफ्लॉनची वाटी

मांडीच्या हाडाचें वरचें टोक चेंडूसारखें गोल असून तें कमरेच्या हाडांतील उखळीवजा खोबणींत फिरतें. दोहोंवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. बर्फावर बर्फ घासला असतां होईल त्याहूनहि येथील घर्षण कमी. परंतु कूर्चेंत रक्तवाहिन्या नाहींत; म्हणून त्वचेवरील जखमेप्रमाणें तिची इजा भरून येत नाहीं. विल्यम हंटर यानें हें १७४३ सालींच लिहून ठेविलें होतें.

इजा लहान असेल तर शस्त्रवैद्य तिच्या तळाच्या हाडाला बारीक छिद्रें पाडतात. मज्जेंतील रक्त वर येऊन थिजतें व त्याचा नवा थर बनतो. मात्र तो तंतुमय, मूळ कूर्चेच्या तोडीचा नव्हे. सर्वच कूर्चा झिजली असेल तेथें सांधा बदलणें हाच उपाय उरतो.

या कामीं जॉन चार्न्ली याचें नांव अग्रभागीं आहे. इंग्लंडांतील राइटिंग्टन येथील रुग्णालयांत त्यानें १९५८ च्या सुमारास पोलादी गोळा व टेफ्लॉनची वाटी बसविण्यास आरंभ केला. वर्षानुवर्षें खिळून पडलेलीं माणसें चालूं लागलीं. पण दोन-तीन वर्षांतच वाटी झिजूं लागली, तिच्या चुऱ्यानें भोंवतालचें मांस सुजलें, सांधे सैल झाले. असे रुग्ण सुमारें ३०० होते, आणि त्यांच्यावर पुन्हां शस्त्र धरण्याचें काम त्याच्याच वाट्याला आलें. टेफ्लॉनचा शरीरावर काय परिणाम होतो हें पाहण्यासाठीं त्यानें तो स्वतःच्या मांडींत घालून घेतला.

पुढें एक विक्रेता पॉलिएथिलीनचा तुकडा घेऊन आला. कापडाच्या मागांच्या दांतेरी चक्रांसाठीं तो पदार्थ वापरीत असत. चार्न्लीनें त्यावर अंगठ्याचें नख रोवून पाहिलें व तो निरुपयोगी ठरविला. माणूस मोठा हुशार, पण नख हें कांहीं मापयंत्र नव्हे! त्याचा कारागीर हॅरी क्रेव्हन यानें मात्र तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढविला. टेफ्लॉन एका दिवसांत झिजे तितका हा तीन आठवड्यांतहि झिजला नाहीं.

नोव्हेंबर १९६२ मध्यें नवी वाटी प्रथम बसविली गेली. पोळलेल्या चार्न्लीनें या खेपेस घाई केली नाहीं. कित्येक वर्षें त्याच्या संमतीवांचून तो सांधा इतर शस्त्रवैद्यांस विकत मिळत नसे. आजहि पुष्कळ कृत्रिम खुब्यांतील वाटी पॉलिएथिलीनचीच असते. किरणांचा मारा करून ती अधिक चिवट केलेली असते, इतकेंच.