प्रौढ पदवीधर आणि किशोरवयीनांसोबतचे कार्य : उपलब्ध वाटांचा विचार

प्रस्तावना

पदवी घेऊन पंधरा-वीस वर्षे लोटल्यावर पुन्हा महाविद्यालयाची पायरी चढणारे माजी विद्यार्थी प्राध्यापकांना नवे नाहीत. कोणी बँकेतील नोकरी सोडलेली असते, कोणी मुले मोठी झाल्यावर घरच्या व्यापातून मोकळी झालेली असते; आणि ‘किशोरवयीन मुलांसाठी काही काम करायचे आहे, काय करू?’ असा त्यांचा प्रश्न असतो. बहुधा आपण बी.एड.चा सल्ला देऊन मोकळे होतो. चाळिशीतील पदवीधराच्या बाबतीत हा सल्ला कितपत हिताचा आहे आणि त्याखेरीज कोणत्या वाटा आहेत, याची महाराष्ट्राच्या संदर्भात चर्चा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिक्षकी पेशा

बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. राज्यात शासकीय सेवाप्रवेशाची कमाल वयोमर्यादा २०१६ मध्ये वाढली ती खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत. त्यापुढे शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षांचा काळ. २०२३ मध्ये केलेल्या वाढीनंतर माध्यमिक स्तरावर त्याचे मानधन दरमहा १८,००० रुपये ठरले. हे गणित मांडले म्हणजे ३९ व्या वर्षी बी.एड.ला प्रवेश घेणाऱ्यापुढे प्रामुख्याने खाजगी शाळा आणि शिकवणी वर्ग उरतात हे ध्यानात येते. शिवाय शिकविण्याची आवड आणि किशोरांविषयीची ओढ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलाचे म्हणणे ऐकून घेण्यात ज्याला रस आहे, त्याला पाठ्यक्रम वेळेत पुरा करण्यातही रस असेलच असे नाही.

शालेय समुपदेशन

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता उपविधींनी माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना समुपदेशकाची नेमणूक आवश्यक केली. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी किंवा समुपदेशनाची पदविका ग्राह्य धरली गेल्याने हे क्षेत्र प्रौढ पदवीधराच्या आवाक्यात आले. एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम या दृष्टीने उपयुक्त असून पश्चिम विभागासाठीची तिची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळ येथे आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१४) शासकीय रुग्णालयांत सुरू झालेल्या किशोर आरोग्य केंद्रांतही, म्हणजे आपल्याकडील ‘मैत्री’ क्लिनिकमध्येही, समुपदेशकांची आवश्यकता असते.

मात्र येथे एका बदलाची नोंद घेणे अगत्याचे आहे. नोकरी वा संसार सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करणे हा आजवरचा रुळलेला मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक अधिनियमाच्या कक्षेत हा विषय आल्याचा तो परिणाम होय. जुन्या माहितीवर विसंबून आपण कोणास हा मार्ग सुचविला, तर त्याचे वर्ष वाया जाईल. ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ म्हणून काम करण्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, हेही आधीच स्पष्ट केलेले बरे.

बाल न्याय व्यवस्था

जेथे वय हा अडसर नसून पात्रता आहे, असे एक क्षेत्र आपल्या चर्चेत क्वचितच येते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ अन्वये बाल न्याय मंडळात एका दंडाधिकाऱ्यासमवेत दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात. त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. बाल कल्याण समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार मंडळाच्या या सदस्यांचे वय किमान ३५ असावे लागते, समितीसाठीही पस्तिशी ओलांडलेली असणे आवश्यक आहे. मुलांचे शिक्षण, आरोग्य वा कल्याण या क्षेत्रांतील सात वर्षांचा अनुभव, किंवा बालमानसशास्त्र, समाजकार्य, समाजशास्त्र, मानवविकास, विधी यांसारख्या विषयांतील पदवीसह चालू व्यवसाय, ही दुसरी अट.

हे काम मानाचे म्हणून स्वीकारण्याजोगे मात्र नाही. समितीच्या बैठका महिन्यातून किमान वीस दिवस व्हाव्यात असे अधिनियमच सांगतो. मोबदला बैठकभत्त्याच्या रूपाने मिळतो आणि नियुक्तीची मुदत तीन वर्षांहून अधिक नसते. त्यामुळे घर केवळ यावर चालविता येत नाही. सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर निर्घृण अपराधाचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन मंडळास करावे लागते. खटला प्रौढाप्रमाणे चालावा की नाही, हे त्यावर ठरते. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघात प्रकरणात निबंध लिहिण्याच्या अटीवर दिलेला जामीन देशभर टीकेचा विषय झाला. तो आदेश मंडळाच्या अशासकीय सदस्याचा होता, आणि त्याच वर्षी शासनाने दोन अशासकीय सदस्यांच्या नियुक्त्या संपुष्टात आणल्या. एका सहीचे वजन किती असते हे इच्छुकाला यावरून उमगावे.

सात वर्षांची ही अट पाहता आरंभ कोठून करावा? निरीक्षणगृहे व बालगृहांतील स्वयंसेवा, वस्तीपातळीवरील अभ्यासिका, स्वयंसेवी संस्थांचे जीवनकौशल्य वर्ग या ठिकाणी पदवीपेक्षा सातत्य पाहिले जाते. लेखी नोंद व प्रमाणपत्र मात्र प्रारंभापासून जपावे. ज्यांना दोन वर्षे पूर्णवेळ देता येतील त्यांनी एम.एस.डब्ल्यू. करावे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६) आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था ही नावे सर्वपरिचित आहेत. बी.एड.पेक्षा हा दोन वर्षांचा व्यय, माझ्या मते, अशा विद्यार्थ्याला अधिक दूर नेतो.

कायद्याचे भान

कोणतीही वाट निवडली तरी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याचे कलम १९ माहीत असलेच पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक असून न कळविणे हा अपराध आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन किशोरवयीन मुलगी प्रथम भेटीतच मागते, आणि ते सरसकट देता येत नाही. गुप्ततेची मर्यादा पहिल्या भेटीतच, तिला समजेल अशा भाषेत, सांगावी लागते.

समितीवर जाऊ इच्छिणाऱ्यांनी २०२१ ची दुरुस्तीही पाहून ठेवावी. तिच्यानुसार जिल्ह्यातील बालसंगोपन संस्थेच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती समितीची सदस्य होण्यास अपात्र ठरते. म्हणून अनुभव कोठे व कोणत्या नात्याने मिळवायचा, कार्यकर्ता म्हणून की विश्वस्त म्हणून, हे आधीच ठरवावे लागते.