कांजिण्या व नागीण यांच्या निदानात रक्तातील प्रतिपिंड चाचणीचे स्थान : एक विवेचन

प्रस्तावना :

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेल्या बपेरासारख्या गावांत कांजिण्यांना ‘माता’ मानण्याची व नागिणीचा विळखा पूर्ण झाला की रोगी दगावतो असे समजण्याची परंपरा आहे. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला. तथापि अंगावर पुरळ दिसताच उपचार टाळण्याची सवय पूर्णतः गेली नाही. दुसरीकडे, ‘रक्त तपासले की सारे कळते’ असा नवा समजही रूढ होत आहे. प्रस्तुत लेखात या चाचणीचे स्वरूप, उपयुक्तता व मर्यादा यांचा विचार केला आहे.

एक विषाणू, दोन आजार :

कांजिण्या व नागीण हे दोन्ही आजार व्हॅरिसेला-झोस्टर या एकाच विषाणूमुळे होतात. थॉमस वेलर यांच्या १९५० च्या दशकातील संशोधनाने हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. प्रथम संसर्गात कांजिण्या येतात. त्या बऱ्या झाल्यावरही विषाणू मज्जारज्जूलगतच्या चेतागंडिकांत सुप्त राहतो व पुढे प्रतिकारशक्ती घटल्यास एखाद्या चेतातंतूच्या मार्गाने नागिणीच्या रूपाने प्रकट होतो. म्हणूनच तिचे फोड सहसा शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्याच्या स्वरूपात येतात. विळख्याची समजूत यामुळे निराधार ठरते.

चाचणीचे स्वरूप :

विषाणूविरुद्ध शरीर जी विशिष्ट प्रथिने निर्माण करते, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. एलायझा पद्धतीत विषाणूची प्रथिने बसविलेल्या खाचांत रोग्याचे रक्तद्रव टाकतात. त्यात प्रतिपिंडे असल्यास ती चिकटतात व विकरयुक्त द्रावणामुळे रंग उमटतो. आयजीएम प्रतिपिंडे सामान्यतः अलीकडील संसर्ग सुचवितात, तर आयजीजी दीर्घकाळ टिकून पूर्वीच्या संसर्गाची साक्ष देतात.

मर्यादा :

१) पुरळ उठल्यावर पहिल्या काही दिवसांत आयजीएम आढळत नाही, असे होऊ शकते, त्यामुळे नकारात्मक अहवालाने आजार नाकारता येत नाही.

२) आयजीएम नागिणीतही आढळू शकते, म्हणून केवळ त्यावरून दोन आजारांतील भेद ठरत नाही. अन्य नागीणवर्गीय विषाणूंमुळे खोटा सकारात्मक निष्कर्षही येऊ शकतो.

३) नागीण झालेल्या व्यक्तीस पूर्वी संसर्ग झालेलाच असतो. त्यामुळे एकदाच तपासलेल्या आयजीजीवरून सध्याच्या आजाराचे निदान होत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ दिसल्यास संसर्ग सिद्ध होतो. परंतु तोवर उपचाराची वेळ टळलेली असते.

नागिणीत असायक्लोव्हिरसारखी औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करणे हितावह असते. बहुतेक रोग्यांचे निदान डॉक्टर पुरळ पाहूनच करतात. शंका असल्यास फोडातील द्रवाची किंवा खपलीची पीसीआर तपासणी अधिक विश्वसनीय ठरते.

चाचणीची खरी उपयुक्तता :

रोगप्रतिकारक्षमता जाणून घेण्यासाठी मात्र आयजीजी चाचणी महत्त्वाची आहे. समजा, एकत्र कुटुंबात आजोबांना नागीण झाली व सून गरोदर आहे. नागिणीच्या फोडांतील विषाणूमुळे, पूर्वी कांजिण्या न झालेल्या व्यक्तीस नागीण नव्हे, तर कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणातील कांजिण्यांमुळे मातेस न्यूमोनियाचा धोका असतो. पहिल्या वीस आठवड्यांत गर्भास क्वचित जन्मजात व्यंग येऊ शकते. पूर्वी कांजिण्या झाल्याचे सुनेला निश्चित आठवत नसेल, तर ही चाचणी त्वरित करावी. आयजीजी आढळल्यास चिंतेचे कारण राहत नाही. न आढळल्यास संपर्कापासून दहा दिवसांच्या आत विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा विचार डॉक्टर करू शकतात. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात दिली जात नाही. तसेच लसीमुळे निर्माण झालेली अल्प प्रतिपिंडे नेहमीच्या चाचण्यांत सुटू शकतात, हेही ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष :

प्रतिपिंड चाचणी ही चालू आजाराच्या निदानापेक्षा पूर्वसंसर्गाचा पुरावा म्हणून अधिक मोलाची आहे. पुरळ दिसताच अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखविणे, आणि घरात गरोदर स्त्री असल्यास तिची प्रतिकारक्षमता तपासणे, या दोन गोष्टी ग्रामीण आरोग्यशिक्षणातून रुजविणे आवश्यक आहे.