जुन्या पोकलेनला कोणतं तेल?

पुण्याच्या खराडीत इमारत वर जाण्याआधी खाली जाते. पार्किंगच्या तळघरांसाठी खोदताना मुरूम संपला की काळा बेसॉल्ट लागतो, आणि तो फोडायला अनेकदा ब्रेकर लावलेली जुनी वीस टनी पोकलेन असते: टाटा हिताचीची ईएक्स २०० किंवा एल अँड टी कोमात्सुची पीसी २००. अशा मशीनबद्दल एक समज घट्ट बसला आहे, मशीन जुनं तर तेल जाड. हायड्रॉलिकमध्ये ४६ नंबरऐवजी ६८, इंजिनात १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५०. पण तेलाला मशीनचं वय कळत नाही. त्याचा संबंध त्या भागाच्या घडणीशी आणि तिथे चढणाऱ्या उष्णतेशी.

४६ आणि ६८ हे आकडे ४० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीचे, सेंटिस्टोकमधले. ब्रेकर सतत चालून तेल ८० अंशांवर गेलं की साधं ४६ नंबर सुमारे ११ वर आणि ६८ सुमारे १५ वर उतरतं. त्यामुळे पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात, मॅन्युअलच्या तक्त्यात बसत असेल तर, ६८ घालणाऱ्याचं काही चुकत नाही. फसगत होते डिसेंबरच्या सकाळी. पारा दहा-बारावर असताना तेच तेल पंपाला ओढवत नाही, पंप कण्हतो आणि आत फुटणारे बुडबुडे धातू कुरतडतात. यावर मालकाचा सवाल रास्त असतो: पंप उतरवायचा खर्च मोठा, जाड तेलावर एक हंगाम तर निघतो ना? निघतो, कधीकधी. पण झिजलेल्या पंपातली आतली गळती थांबत नाही. गळणारं तेल तापतं, तापलं की पातळ होतं, आणि गळती पुन्हा वाढते. त्यात ब्रेकरचे सील गेले की दगडाची पूड थेट तेलात. उत्पादक ब्रेकरच्या कामासाठी तेल आणि फिल्टर बदलण्याचे तास कमी करून देतात ते याचसाठी. वीस टनी मशीनमध्ये दोनशे लिटरच्या पुढे तेल मावतं; त्यापुढे वेळेवर बदललेला रिटर्न फिल्टर स्वस्तच.

इंजिनाचा हिशेब तर उलटाच आहे. पूर्वी डिझेलमधल्या गंधकामुळे आम्ल तयार होई, ते मारायला क्षार जास्त असलेलं तेल लागे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक १० पीपीएम. बीएस-३ मध्ये ते ३५० होतं. म्हणजे जुन्या इंजिनावरचा हा ताण आज कमी आहे. सीआय-४ प्लस दर्जाचं इंजिन ऑइल पुरेसं. सीके-४ चालतं, पण त्यातली राखेची मर्यादा धुराड्यातल्या फिल्टरसाठी आहे आणि तो फिल्टर जुन्या मशीनला नसतोच.

सगळीकडे एकच बॅरल ओतायची सवय मात्र पूर्ण हास्यास्पद नाही. काही जुन्या मॅन्युअलमध्ये हायड्रॉलिकला १०डब्ल्यू आणि फायनल ड्राइव्हला ३० नंबरचं इंजिन ऑइल सांगितलेलं असतं. म्हणून मॅन्युअल न पाहता फायनल ड्राइव्हमध्ये ९० नंबर जीएल-५ गिअर ऑइल ओतणं धोक्याचं: त्यातलं गंधक-फॉस्फरसचं रसायन गिअरच्या दातांना वाचवतं, पण उष्णतेत पितळी-कांस्य बुशांना खाऊ शकतं. डोझरच्या तेलात बुडालेल्या क्लचला तर ते नकोच. कॅटरपिलरने १९९१ मध्ये आणलेलं टीओ-४ मानक अशाच क्लचच्या चकत्यांची पकड सांभाळायला आहे. फायनल ड्राइव्हमधून काढलेल्या तेलात बारीक करडा लगदा दिसला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर गिअर उघडावा लागतो, नंबर बदलून भागत नाही.