पनामा कालव्यात जहाज वर कसं चढतं?

कोकणातल्या आपल्या कित्येक घरांतली माणसं जहाजावर नोकरी करतात. "आज पनामा पार करतोय," असा निरोप आला की घरच्यांना वाटतं, सरळ कालवा असेल, एका बाजूने शिरायचं आणि दुसरीकडून निघायचं. पण तिथे जहाजाला समुद्रापासून सुमारे 26 मीटर वर चढावं लागतं आणि पुन्हा तेवढंच खाली उतरावं लागतं.

कारण मध्ये डोंगराळ जमीन आहे. ती समुद्राच्या पातळीपर्यंत खोदणं फार कठीण होतं. म्हणून चाग्रेस नदीवर धरण बांधून गाटुन नावाचा तलाव तयार केला. जहाज त्या तलावात चढवायचं आणि पलीकडे उतरवायचं. 1914 पासून हे असंच चालू आहे.

चढण्याच्या पायऱ्या म्हणजे लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला मोठा हौद. अटलांटिकच्या बाजूला असे तीन हौद ओळीने आहेत. जहाज पहिल्या हौदात शिरतं, मागचे दरवाजे बंद होतात. मग भिंतीतल्या बोगद्यांचे व्हॉल्व्ह उघडतात आणि वरच्या बाजूचं पाणी तळातल्या भोकांतून हौदात येतं. पंप कुठेच नाही, पाणी स्वतःच्या उताराने येतं. काही मिनिटांत जहाज आठ-नऊ मीटर वर येतं. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचे दरवाजे उघडतात आणि जहाज पुढच्या हौदात जातं.

आता दरवाजांची गंमत पाहा. जुन्या लॉकमध्ये दोन पाखं एका रेषेत मिटत नाहीत, तिरपी टेकतात आणि त्यांचं टोक जास्त पाण्याच्या बाजूला असतं. त्यामुळे पाणी जितकं रेटतं, तितकी ती घट्ट बसतात. पातळीत फरक असेपर्यंत दरवाजा उघडतच नाही. पाखं आतून पोकळ असल्यामुळे पाण्यात त्यांचा भार कमी होतो आणि एवढी अवजड असूनही ती लहान मोटरने हलतात.

पण या सोयीची किंमत आहे. जुन्या लॉकमधून एक जहाज पार झालं की सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. आणि पनामा सिटी व कोलोन या शहरांना पिण्याचं पाणी याच तलावातून मिळतं. 2016 मध्ये सुरू झालेल्या नव्या लॉकच्या बाजूला हौद बांधले आहेत. त्यांत साठवून प्रत्येक खेपेचं सुमारे 60 टक्के पाणी पुन्हा वापरतात. तरीही 2023 मध्ये पाऊस कमी पडला, तलाव खाली गेला आणि रोजची सुमारे 36 जहाजं कमी करत 24 च्याही खाली आणावी लागली. बाहेर रांगा लागल्या, माल अडकला.

तेव्हा घरातल्या खलाशाचा पनामाहून फोन आला आणि "अजून नंबर लागला नाही" असं तो म्हणाला, तर एक प्रश्न जरूर विचारा: यंदा तिकडे पाऊस कसा आहे?